जोडीदार गेलेल्या सशाला नवा जोडीदार आणावा का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जोडीतला एक ससा गेला की आपलं दुःख आणि मागे राहिलेल्या सशाची तब्येत, दोन्ही एकाच वेळी सांभाळावं लागतं. नागपुरात घरात किंवा फ्लॅटमध्ये ससे पाळणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. ससा आजच गेला असेल तर पहिले दोन प्रश्न लगेच वाचा, बाकीचे चार दिवसांनी वाचले तरी चालतील.

ससा नुकताच गेला आहे. दुसऱ्याला त्याचं शरीर दाखवावं का?

हो, दाखवा. शरीर जुन्या टॉवेलवर, त्यांच्या नेहमीच्या जागेत जमिनीवर ठेवा आणि दुसऱ्याला मोकळं सोडा. कुणी हुंगतो, कुणी कान-डोळे चाटतो, कुणी कपाळाने ढकलून उठवायचा प्रयत्न करतो. काही ससे अंगावरून उड्या मारतात, चढतात, केस ओढतात. पाहायला जड जातं, पण अडवू नका. काही ससे एकदा हुंगून सरळ गवत खायला जातात. त्यांना प्रेम नव्हतं असा याचा अर्थ नाही. अर्ध्या तासापासून दोन-तीन तासांपर्यंत वेळ द्या. ससा स्वतःहून दूर जाऊन बसला आणि परत आला नाही, की शरीर उचलायला हरकत नाही. उन्हाळ्यात मात्र कूलरच्या खोलीतही तासाभरापेक्षा जास्त ठेवू नका.

ज्यांना हे पाहायला मिळत नाही, ते ससे बरेचदा कित्येक दिवस कोपरे, खोके, पलंगाखालची जागा धुंडाळत राहतात. संसर्गाची भीती वाटत असेल तर एवढं लक्षात घ्या, की दोघं एकाच ट्रेमध्ये बसत होते, एकाच भांड्यातलं पाणी पीत होते. संसर्ग व्हायचा असेल तर तो आधीच होऊन गेलेला असतो.

मृत्यूचं कारण कळलं नसेल तर शवविच्छेदनाचा विचार जरूर करा. सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात त्याबद्दल विचारता येईल, निघण्याआधी फोन करा. शरीर पिशवीत बांधून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. फ्रीझरमध्ये ठेवू नका, कारण गोठल्यावर पेशी फुटतात आणि तपासणीत नीट काही दिसत नाही. ही तपासणी पुढच्या निर्णयासाठीही लागते. पहिला ससा साथीच्या आजाराने गेला असेल, तर त्याच घरात लगेच दुसरा आणणं धोक्याचं आहे.

मागे राहिलेला ससा खात नाही. किती वेळ वाट पाहायची?

बारा तास, त्याहून जास्त नाही. सशाचं आतडं सतत चालू राहावं लागतं. खाणं थांबलं की आतड्याची हालचाल मंदावते, गॅस धरतो, पोट दुखतं, आणि दुखतं म्हणून तो आणखी खात नाही. एकदा हे चक्र सुरू झालं की एका दिवसात जिवावर बेतू शकतं. जोडीदार गेल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत हीच सगळ्यात मोठी भीती असते.

म्हणून त्या दिवसांत लेंड्या मोजा. संध्याकाळी ट्रे साफ करा आणि सकाळी किती पडल्या ते बघा. नेहमीसारख्या मोठ्या, गोल, भुसभुशीत असतील तर ठीक. लहान, काळ्या, कडक किंवा केसाने माळेसारख्या जोडलेल्या असतील तर सावध व्हा. अजिबात नसतील, ससा पाठ वाकवून बसला असेल, दात करकरत असतील किंवा कान गार लागत असतील, तर रात्र न काढता डॉक्टरकडे न्या. सशाच्या शरीराचं तापमान साधारण 38.5 ते 40 अंश असतं. ते 38 च्या खाली गेलं असेल तर वाटेत उबेसाठी कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवा.

तोवर वासाचा ओला पाला पुढे करा: सांबार (कोथिंबीर), पुदिना, मुळ्याचा पाला, शेपू. पाला धुऊन ओलाच द्या, त्याने पाणीही पोटात जातं. गूळ, बिस्कीट, केळं, संत्र्याची फोड असलं गोड ‘काहीतरी खाऊ दे’ म्हणून देऊ नका, त्याने पोटातला गॅस वाढतो. पोट टम्म आणि कडक लागत असेल तर सिरिंजने काहीही भरवू नका. आतड्यात अडथळा असेल तर भरवण्यानेच जीव जाऊ शकतो, हे आधी डॉक्टरला पाहू द्या.

आणखी एक. तो खातपीत असला, तरी आठवडाभरात त्याचीही तपासणी करून घ्या. दात, कान, वजन, लेंड्यांची चाचणी. दोघं एकत्र वाढलेले असतात, एकाला झालेलं दुसऱ्यात दबा धरून असू शकतं. आणि ‘दुःखात आहे’ असं आपण समजत असतो, तेव्हा कधीकधी त्याची दाढ वाढून गालाला टोचत असते.

ससा दुःख करतोय हे कसं ओळखायचं? हे किती दिवस चालतं?

काही ससे गप्प होतात. कोपऱ्यात तोंड करून बसतात, हाक मारली तरी येत नाहीत, जोडीदाराच्या जागेवरच झोपतात. काही उलट वागतात: गालिचा कुरतडणं, जाळीला दात लावणं, ट्रे सोडून इतरत्र शी-शू करणं, हात लावला की गुरगुरणं. काही तुम्हाला चिकटतात, पायात येऊन डोकं खाली घालतात, कारण चाटून घ्यायला आता दुसरं कुणी नाही.

बहुतेकांचं दोन-तीन आठवड्यांत सावरतं, काहींना महिना-दीड महिना लागतो. या काळात घराची मांडणी बदलू नका, खाण्याच्या वेळा मोडू नका. जोडीदाराचा वास असलेली चादर लगेच धुवायला टाकू नका. सशाने तिच्याकडे दुर्लक्ष सुरू केलं की मग काढा.

लगेच दुसरा ससा आणला तर तो सावरेल का?

सावरू शकतो, पण ‘लगेच’ कशाला म्हणायचं ते आधी ठरवू. दुःखाचा अमुक काळ गेलाच पाहिजे असा काही नियम नाही. ससा नीट खात असेल, लेंड्या नेहमीसारख्या असतील आणि तपासणी व्यवस्थित आली असेल, तर आठवड्या-दोन आठवड्यांत शोध सुरू करायला हरकत नाही. उगाच महिनोन्‌महिने थांबूनही काही साधत नाही.

पण नवा ससा हे दुःखावरचं औषध नाही. आणल्या दिवशी तो तुमच्या सशाच्या लेखी घुसखोर असतो. ससा प्रेमळ असला तरी आपल्या जागेच्या बाबतीत कडक असतो आणि अनोळखी सशाला गंभीर जखमा करू शकतो. त्यामुळे नवा ससा घरात आल्यापासून दोघं शेजारी शेजारी निवांत झोपेपर्यंत तीन आठवडे ते तीन महिने धरून चला. एखादी जोडी चार दिवसांत जमते, पण त्या भरवशावर बेत आखू नका. ससा खात नाही म्हणून घाईने दुसरा आणून पुढ्यात ठेवणं तर टाळाच. उपाशी आणि घाबरलेल्या सशावर हा आणखी एक ताण होतो.

मग निर्णय कशावर घ्यायचा?

स्वतःला एक प्रश्न विचारा: दोन ससे दोन महिने पूर्ण वेगळे ठेवायची सोय आपल्या घरात आहे का?

वेगळे म्हणजे दोन ट्रे, गवताच्या दोन जागा, दोन पाण्याची भांडी, दोघांना वेगवेगळ्या वेळी मोकळं सोडणं, दोघांना उन्हाळ्यात गारवा. ही सोय असेल तर पुढचं सगळं जमवता येतं. नसेल, तर सध्या नको म्हणा. ‘आणू, जमतीलच’ या भरवशावर आणलेले ससे पहिल्या भांडणानंतर एक गच्चीवर आणि एक बाल्कनीत असे विभागले जातात आणि दोघंही एकटे पडतात. आमच्या मते घराची ही तयारी तुमच्या सशाच्या स्वभावापेक्षाही जास्त महत्त्वाची आहे.

त्यानंतर बाकीचं पाहा. जोडीला कायमची जागा साधारण 10 फूट लांब, साडेसहा फूट रुंद आणि 3 फूट उंच लागते. टू बीएचकेमध्ये एका खोलीचा अर्धा भाग जाळीने अडवला तरी ते होतं. नसबंदी, डॉक्टर आणि गवत, तिन्हींचा खर्च दुप्पट होतो. ससा 8 ते 12 वर्षं जगतो. मुलगा दहावीत असताना आणलेला ससा तो नोकरीला पुण्याला गेल्यावरही घरातच असेल. तेव्हा त्याचं कोण करणार, हे आजच घरात बोलून घ्या.

कोणत्या परिस्थितीत आणू नये?

सशाला सर्दीचा जुनाट संसर्ग असेल, म्हणजे नाक सतत वाहणं आणि पुढच्या पायांचे केस चिकट होणं, तर नव्याला तो लागू शकतो. आधी उपचार करा, डॉक्टरचं मत घ्या. ससा अतिशय थकलेला असेल, नीट चालता येत नसेल किंवा थोड्याच दिवसांचा सोबती असेल, तर जोडी जमवण्याची धावपळ त्याच्यावर लादू नका. आणि आधीच्या दोन-तीन सशांशी रक्त निघेपर्यंत भांडलेला ससा असेल, तर त्याचा तो कौल मान्य करा.

म्हातारपण हे एकटं ठेवण्याचं कारण नाही. सात-आठ वर्षांचा, पण चालता-फिरता ससा शांत, साधारण त्याच्याच वयाच्या जोडीदाराबरोबर छान राहतो. त्याच्या अंगावर तीन महिन्यांचं उड्या मारणारं पिल्लू मात्र सोडू नका.

नर आणावा की मादी?

नसबंदी झालेला नर आणि नसबंदी झालेली मादी ही जोडी सगळ्यात सहज जमते. दोन माद्या किंवा दोन नर अशक्य नाहीत, पण मेहनत जास्त. घरी मादी असेल तर नर शोधा, नर असेल तर मादी.

पिल्लाबद्दल एक सावधगिरी. दोन-अडीच महिन्यांचं पिल्लू मोठा ससा बहुतेक वेळा पटकन सहन करतो, आणि घरच्यांना वाटतं की जोडी जमली. साडेतीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान पिल्लू वयात येतं आणि कालपर्यंत कुशीत झोपणारे एकमेकांचे केस उपटू लागतात. त्यामुळे शक्यतो एक वर्षावरचा, स्वभाव कळलेला ससा घ्या.

नसबंदी करायलाच हवी का?

जोडी ठेवायची असेल तर हो, दोघांचीही. न केलेल्या नर-मादीचं गणित साधं आहे. मादीचा गर्भकाळ सुमारे 31 दिवसांचा असतो, आणि व्यायल्यानंतर काही तासांतच ती पुन्हा गाभण राहू शकते. शिवाय नसबंदी न झालेल्या माद्यांना वय वाढतं तसा गर्भाशयाचा कर्करोग फार मोठ्या प्रमाणात होतो. चार वर्षांपुढच्या माद्यांत तो निम्म्याहून जास्त जणींत आढळल्याचं अभ्यासांत नोंदलं गेलं आहे. आणि संप्रेरकं शांत झाल्याशिवाय भांडणं थांबत नाहीत.

नराची नसबंदी झाली तरी तो पुढे सहा आठवड्यांपर्यंत पिल्लं देऊ शकतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. तेवढा काळ त्याला नसबंदी न झालेल्या मादीपासून लांब ठेवा. मादीची जखम भरायला दहा-चौदा दिवस लागतात, पण स्वभावातला फरक दिसायला चार-सहा आठवडे जातात.

डॉक्टर निवडताना थेट विचारा: सशांची नसबंदी नेहमी करता का? भूल गॅसने देता की नुसत्या इंजेक्शनने? नंतर वेदनाशामक किती दिवस देता? ऑपरेशनआधी उपाशी ठेवायचं का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘आदल्या रात्रीपासून काही देऊ नका’ असं आलं तर दुसरा डॉक्टर शोधा. कुत्र्या-मांजरांना उपाशी ठेवतात ते भुलेत उलटी होऊ नये म्हणून. ससा उलटी करूच शकत नाही, आणि उपाशी राहिला तर त्याचं आतडं थांबतं. शुद्धीवर आल्यावर दोन-चार तासांत त्याने काहीतरी खाल्लं पाहिजे. त्याच्या आवडीचा पाला आणि गवत डब्यात भरून सोबतच न्या.

नवा ससा कुठून आणायचा?

आधी दत्तक शोधा. नागपुरात मुलांच्या हट्टापायी आणलेले आणि सहा महिन्यांत नकोसे झालेले ससे खूप असतात. प्राणीप्रेमींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं की मिळतात. अशा सशाचं वय आणि स्वभाव कळतो, कधी नसबंदीही झालेली असते. समोरच्याशी आधीच बोलून ठेवा: जोडी जमली नाही तर परत घेणार का?

दुकानातून घ्यायचा असेल तर 2018 च्या पेट शॉप नियमांनुसार दुकानाची नोंदणी आहे का ते विचारा. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू घेऊ नका. ‘बटू जात आहे, एवढाच राहतो’ म्हणून दाखवतात तो बरेचदा महिनाभराचा, आईपासून लवकर तोडलेला जीव असतो, आणि त्याच्या आतड्यात कॉक्सिडिया हे सूक्ष्म परजीवी असण्याची शक्यता मोठी असते. नर की मादी हे दुकानदाराच्या शब्दावर सोडू नका. दहा आठवड्यांच्या आत ओळखणं जाणकारालाही अवघड जातं. त्यानंतर जननेंद्रियाशेजारी हलका दाब दिला की नरात गोल तोंडाची नळी बाहेर येते, मादीत उभी चीर दिसते. डॉक्टरकडून खात्री करून घ्या.

काटोल, उमरेड, हिंगणा भागात कापणीच्या वेळी शेतात रानसशाचं पिल्लू सापडतं आणि ‘आमच्या सशाला सोबत होईल’ म्हणून कुणी घरी आणतं. तसं करू नका. रानससा वेगळाच प्राणी आहे. त्याची गुणसूत्रं 48, पाळीव सशाची 44. दोघांची जोडी होत नाही, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार रानससा पाळणं गुन्हा आहे. पिल्लू एकटं दिसलं म्हणजे टाकून दिलेलं नसतं, त्याची आई दिवसभर जवळ बसत नाही. होतं तिथेच ठेवा. जखमी असेल तर सेमिनरी हिल्सवर वन विभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे.

आणल्यावर पहिले दोन आठवडे काय करायचं?

चौदा दिवस वेगळ्या खोलीत ठेवा. आधी घरच्या सशाचं सगळं करा, मग नव्याचं, मग साबणाने हात धुवा. झाडू, ट्रे, भांडी वेगळी. या काळात पाहायचं ते हे: नाकातून शेंबूड, कानात तपकिरी खपली, नाक-पंजे-कानांच्या कडेला पांढरट कवच (ही खरूज आपल्याकडे फार दिसते), मानेवर कोंडा, केस गळून पडलेले गोल चट्टे, पातळ शी. लेंड्यांची तपासणी एकदा करून घ्याच.

उवा-गोचीड दिसले म्हणून कुत्र्याचा फिप्रोनिल स्प्रे किंवा थेंब सशावर कधीही वापरू नका. सशासाठी ते विष आहे. तोंडाने द्यायचं अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिनही चालत नाही, कारण आतड्यातले उपयोगी जिवाणू मरून ससा दगावू शकतो. चिठ्ठीवर ही नावं दिसली तर ससाच आहे ना, हे डॉक्टरला तिथेच पुन्हा सांगा.

जोडी जमवायची कशी?

सुरुवात जाळीपलीकडून. दोघांच्या जागा शेजारी करा, पण मध्ये दोन जाळ्या आणि त्यांच्यात 4 इंचांचं अंतर ठेवा. एकच जाळी लावली तर एकजण नाक घालतो आणि दुसरा ते फाडतो. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी एक इंची वेल्डमेश जाळी चांगली. पातळ कोंबडी जाळी ससे दाताने तोडतात. दोघांचं गवत आणि पाला जाळीच्या दोन बाजूंना समोरासमोर ठेवा म्हणजे ते शेजारी बसून खातील. दोन-तीन दिवसांनी ट्रे बदला: याचा त्याच्याकडे, त्याचा याच्याकडे. मग चादरी, आणि आठवड्यानंतर दोघांच्या जागाच अदलाबदल करा. दोघंही जाळीला लागून पसरून झोपू लागले, जाळीवर झेप घेणं थांबलं, की पुढची पायरी. याला एक आठवडा लागो की पाच, घाई नको.

समोरासमोरची पहिली भेट अशा जागी घ्या जिथे दोघंही कधी गेले नाहीत. बाथरूम, शेजाऱ्यांचा हॉल, नातेवाइकांची खोली. 4 फूट बाय 4 फूट पुरे. टाइल्सवर ससा घसरला की घाबरतो आणि घाबरला की चावतो, म्हणून खाली सतरंजी किंवा रबरी चटई अंथरा. मध्ये गवताचा मोठा ढीग. लपायचे खोके ठेवलेच तर दोन ठेवा आणि प्रत्येकाला दोन दारं कापा. एकच दार असेल तर आत कोंडलेला ससा जिवावर उदार होऊन लढतो.

हाताशी ठेवा: चामड्याचे जाड हातमोजे, एक जाड टॉवेल, केर भरायची सुपली. मध्ये घालायला सुपलीच उत्तम, दोघांच्या तोंडांमध्ये सरकवता येते. उघडा हात घालू नका. पाण्याचा फवाराही नको. त्याने ससा शिकत काहीच नाही, फक्त घाबरतो.

पहिली भेट दहा-पंधरा मिनिटांची. थोडा पाठलाग, पाठीवर चढणं, तोंडभर केस ओढणं हे चालायचंच. इथे कोण मोठं हे ते ठरवत असतात, आणि मध्ये मध्ये तोडलं तर ते ठरतच नाही. दोन गोष्टी मात्र लगेच थांबवा. एक, डोक्याच्या बाजूने चढणं, कारण खालचा ससा जननेंद्रियाला चावू शकतो. दोन, कान मागे चिकटलेले, शेपटी वर आणि दोघं एकमेकांच्या शेपटीमागे गोल गोल फिरणं. याच्यानंतर दोन सेकंदांत गुंतागुंतीची मारामारी होते.

चांगली लक्षणं शांत असतात. एकमेकांकडे दुर्लक्ष करून स्वतःचं अंग चाटणं, शेजारी बसून गवत खाणं, पसरणं, डोकं खाली घालून दुसऱ्याच्या नाकाखाली सरकवणं. भेट नेहमी अशा शांत क्षणी संपवा. रोज एक भेट, आणि दोन दिवस नीट गेले की वेळ वाढवा: अर्धा तास, तास, तीन तास, अर्धा दिवस. सलग दिवसभर पाठलाग झाला नाही, एकत्र बसले, एकमेकांना चाटलं, की रात्रीही एकत्र ठेवा, पण पहिली रात्र कुणीतरी त्या खोलीत झोपा. 48 तास निवांत गेले तर त्यांना कायमच्या जागेत न्या. त्याआधी ती जागा पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन पुसून काढा, मांडणी बदला, जुने खोके टाका.

दोघांना गाडीच्या डिकीत बसवून फिरवलं की घाबरून चिकटतात, असा एक उपाय सांगितला जातो. आम्ही तो सुचवत नाही. भीतीने चिकटलेले ससे गाडीतून उतरल्यावर पुन्हा भांडतात, आणि नागपूरच्या उन्हात त्यातला एखादा घरी पोचण्याआधीच कोलमडू शकतो.

भांडण होऊन चावा बसला तर?

वेगळे करा आणि दोघांचंही अंग बोटांनी चाचपा: नाक, पापण्या, कान, पोट, जननेंद्रिय. सशाचा दात बारीक पण खोल जातो. वरून टाचणीएवढं भोक दिसतं, ते दोन दिवसांत बुजतं आणि आत पनीरसारखा घट्ट पू धरतो. आठ-दहा दिवसांनी तिथे गाठ लागते. म्हणून जखम लहान दिसली तरी डॉक्टरला दाखवा. पुन्हा जाळीपलीकडच्या पायरीवर जा आणि किमान दोन आठवडे थांबा.

कोणत्या महिन्यात सुरुवात करावी?

नागपुरात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सगळ्यात चांगला काळ. नसबंदीही याच दिवसांत उरका. दिवाळीचे फटाके वाजत असतात त्या आठवड्यात समोरासमोर भेटी घेऊ नका. महाल-इतवारीत राहत असाल तर मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशीही नको. दचकलेला ससा समोर असेल त्याला चावतो.

एप्रिलच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत, आणि नवतप्यात तर नक्कीच, नवी जोडी जमवायला घेऊ नका. सशाला 16 ते 22 अंश मानवतं. 30 च्या पुढे तो धापा टाकू लागतो, आणि बाहेर पारा 45 ओलांडतो. त्यात पाठलाग झाला तर उष्माघात ठरलेला. एप्रिलमध्ये जोडीदार गेला असेल तर जाळीपलीकडची पायरी उन्हाळाभर चालू ठेवा, तेवढ्यानेही एकटेपण बरंच कमी होतं. कूलरचा गारवा कोरड्या हवेतच मिळतो. पाऊस सुरू झाला की दमटपणा वाढतो, मग पंखा आणि टॉवेलात गुंडाळलेली बर्फाची बाटली. पावसाळ्यात ट्रे दोनदा साफ करा. ओल्या शेपटीखाली माशी अंडी घालते आणि एका दिवसात अळ्या पडतात.

सशाऐवजी गिनीपिग किंवा मांजर चालेल का?

नाही. गिनीपिगला जीवनसत्त्व क बाहेरून द्यावं लागतं, सशाला नाही. सशाच्या लाथेने गिनीपिग जखमी होतो, आणि सशाच्या नाकातला बोर्डेटेला जिवाणू गिनीपिगला न्यूमोनिया देऊ शकतो. मांजर-कुत्र्याशी एखाद्या सशाची मैत्री होतेही, पण ते त्याचे कान चाटून साफ करणार नाहीत, त्याच्या इशाऱ्यांना सशाच्या पद्धतीने उत्तर देणार नाहीत.

जोडी जमलीच नाही तर?

तीन महिने नीट प्रयत्न करूनही रक्त निघत असेल, तर तीन वाटा आहेत: ससा आधी ठरल्याप्रमाणे परत देणं, दोघांना कायम जाळीपलीकडे शेजारी ठेवणं, किंवा दुसरा ससा करून पाहणं. जाळीशेजारचं आयुष्य वाईट नसतं. एकमेकांचा वास, आवाज, शेजारी जेवण, सगळं मिळतं. फक्त मोकळं सोडायच्या वेळा कटाक्षाने वेगळ्या ठेवा, आणि दारं लावली की नाहीत हे घरातल्या प्रत्येकाने पाहायची सवय लावा.

एक गेला की दुसरा, मग पुन्हा एक राहणार. हे थांबवायचं कुठे?

ज्यांना आता सशांचं करणं झेपणार नाही, त्यांचा हा प्रश्न खरा आहे. मागे राहिलेल्या सशाला चांगल्या घरी, जिथे एकटा ससा आहे तिथे जोडीदार म्हणून देणं, हा मार्ग पाप नाही. पण ते घर पाहा, तिथेही जोडी जमवण्याची वरची पद्धत पाळली जाईल याची खात्री करा. दुसरा उपाय म्हणजे सहा-सात वर्षांचा नकोसा झालेला ससा घेणं. दोघांचं वय जवळपास सारखं असल्याने चक्र लांबत नाही. म्हाताऱ्या सशांना कुणी विचारत नाही, त्यामुळे त्याचंही भलं होतं.

नवा आणायचा नाही असं ठरवलं. एकट्याची काळजी कशी घ्यायची?

ससा पहाटे आणि संध्याकाळी जागा असतो, दुपारी झोपतो. म्हणून सुट्टीच्या दुपारी दिलेल्या चार तासांपेक्षा रोज सकाळी सहा ते साडेसात आणि संध्याकाळी सात ते दहा घरात कुणीतरी त्याच्या खोलीत असणं महत्त्वाचं. सोफ्यावर नाही, जमिनीवर बसा. वर्तमानपत्र वाचा, भाजी निवडा, त्याला यायचं तेव्हा येऊ द्या. उचलून मांडीवर घेऊ नका, बहुतेक सशांना ते आवडत नाही. कपाळ आणि गाल कुरवाळणं हेच जोडीदाराच्या चाटण्याच्या सगळ्यात जवळचं.

त्याची जागा बाल्कनीत किंवा मागच्या अंगणात असेल तर आता घरात, जिथे माणसं वावरतात तिथे आणा. मऊ खेळण्यातला ससा शेजारी ठेवला तर काही ससे त्याला टेकून झोपतात, पण त्याचे डोळे-बटणं आधी काढा आणि तो कापूस खातोय का ते पाहा. पेलेट (सशाच्या तयार खाद्याच्या गोळ्या) भांड्यात न देता गवतात विखरून द्या, वजनाच्या दर किलोला दिवसाला साधारण 25 ग्रॅम, म्हणजे शोधण्यात वेळ जाईल. गवत मात्र कायम भरपूर, त्याच्या अंगाएवढा ढीग रोज. आता कान आणि डोळ्यांचे कोपरे साफ करायला जोडीदार नाही, म्हणून दर दोन-तीन दिवसांनी ते पाहा, आणि ओल्या कापसाने डोळ्याखालचा चिकटा पुसा. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून लिहून ठेवा. दोन किलोच्या सशाचं वजन महिन्यात 100 ग्रॅमने उतरलं तरी डॉक्टरला दाखवा.